मूळ प्रत सोबत जोडली आहे

लेकीचं सगळं आयुष्य आपण एका फाइलीत बसवलं आहे, तेही अवघ्या सोळा पानांत, अशी परिशिष्टरावांची ठाम समजूत होती. सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी ती जाहीरही करून टाकली.

"झालं!" फाइल टेबलावर आपटत ते म्हणाले. "आता ही मुलगी वरिष्ठ प्रशासकीय सेवेत जाण्यापासून खुद्द ती मुलगीही स्वतःला रोखू शकत नाही!"

"तिला विचारलंत का?" बायकोनं कपात चहा ओतता ओतता विचारलं.

"तिला काय विचारायचं? सगळं लिहिलंय की यात!"

परिशिष्टराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांनी परिशिष्ट न जोडता एकही कागद हातावेगळा केला नव्हता. तापाची रजा मागताना त्यांनी दर दोन तासांनी मोजलेल्या तापाचा तक्ता जोडला होता. त्या दिवसापासून सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे परिशिष्टराव म्हणू लागलं, आणि हळूहळू तोंडावरही.

तसं या खोडीला कारण होतं. तरुणपणी त्यांनीही अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. एका प्रमाणपत्राची मूळ प्रत जोडायची राहिली म्हणून तो परत आला, तोवर मुदत संपली, आणि पुढल्या वर्षी वय उलटलं. जे अधिकारी झाले त्यांच्यासाठी गाड्यांची दारं उघडली जाताना त्यांनी अठ्ठावीस वर्षं पाहिली होती. आपल्या मुलीच्या बाबतीत कुठल्याही कागदाची कुठलीही प्रत कमी पडू द्यायची नाही, हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

ती मुलगी आता नुकतीच दहावी पास झाली होती. तिनं फाइल ओढून घेतली आणि चाळली. पान एक ते तीन: अकरावी-बारावी, कला शाखा, विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. पान चार: पदवी. पान सात: पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. पान नऊ: प्रशिक्षण. पान दहापासून बढत्या. शेवटी तिनं सोळावं पान उघडलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"बाबा, मी निवृत्तसुद्धा झाले?"

"वयोमानानुसार!" परिशिष्टराव अभिमानानं म्हणाले. "निरोप समारंभातलं तुझं भाषण खाली जोडलंय. वाच, तुझ्या डोळ्यांत पाणी येईल."

"आत्ताच येतंय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आता खरं तर ही फाइल घरातच राहायला हवी होती. पण पानांवर क्रमांक टाकायचं यंत्र कार्यालयात होतं, आणि क्रमांक नसलेल्या कागदाला परिशिष्टराव कागद मानायचे नाहीत. शिवाय घरात दुसरं कव्हर नव्हतं म्हणून त्यांनी कार्यालयातलंच कव्हर वापरलं होतं. कव्हरवर ठळक अक्षरांत विषय लिहिला होता: 'वरिष्ठ प्रशासकीय सेवेसाठी दीर्घकालीन शैक्षणिक नियोजन.' वर तातडीची लाल चिठ्ठी लावली होती. आणि शेवटी, हाताच्या सवयीनं, 'आदेशार्थ सादर' असं लिहून खाली सही ठोकली होती. हा माणूस सासऱ्यांना पत्र लिहितानाही शेवटी 'सादर' लिहायचा, तिथं फाइलीची काय कथा!

मंगळवारी सकाळी त्यांनी फाइल टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवली आणि ते चहाला गेले. दहा मिनिटांनी परत आले तर कोपरा मोकळा!

"इथली फाइल?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"गेली की साहेबांकडे."

"अरे, पण तुला कुणी सांगितलं न्यायला?"

"तुम्हीच, भाऊसाहेब! उजव्या हाताची फाइल विचारायची नाही, नुसती उचलायची. अकरा वर्षं झाली, एकदा तरी विचारलंय का मी? उलट आज पानांवर नंबरसुद्धा मीच टाकले. सतरा पानं भरली."

"सतरा? सोळा होती!"

"शेवटी ती मार्कांची होती ना, छापील. ती सतरावी."

परिशिष्टरावांना घाम फुटला. ती लेकीची गुणपत्रिका होती. मूळ प्रत! योजनेला आधार म्हणून त्यांनी ती मागे जोडली होती, आणि 'मूळ प्रत सोबत जोडली आहे' असं वर लिहिलंही होतं. कॉलेजच्या प्रवेश-अर्जासोबत तीच गुणपत्रिका द्यायची होती. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. दुसरी प्रत मागवायची तर महिना गेला असता.

ते धावतच साहेबांच्या खोलीत शिरले. विभागाचे साहेब कव्हरवरचा विषय आणि फाइलीतली शेवटची ओळ तेवढी वाचत आणि तिच्याखाली सही करत. ही कला त्यांनी इतकी घोटली होती की एकदा त्यांनी स्वतःच्याच बदलीवर 'योग्य' असा शेरा मारला होता.

"या, या!" साहेब खुशीत म्हणाले. "काय प्रस्ताव लिहिलाय हो! दीर्घकालीन काय, शैक्षणिक काय! वरून कधीची विचारणा होती की आपला विभाग नवीन काही सुचवत नाही म्हणून. मी शिफारस करून लगेच पुढं पाठवला."

"साहेब, त्यात एक... किरकोळ दुरुस्ती..."

"दुरुस्ती कशाला? मी एकही चूक पाहिली नाही त्यात!"

ते खरंच होतं. पाहिलंच नव्हतं तर चूक दिसणार कुठून?

आता खरं सांगून मोकळं व्हावं, तर भिंतीवर समोरच परिपत्रक लावलेलं: 'कार्यालयीन कव्हरचा खासगी कामासाठी वापर आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' मसुदा परिशिष्टरावांचा. बरं, फाइल राहू दे, निदान सतरावं पान तेवढं गुपचूप काढून घ्यावं, तर दुसरं परिपत्रक: 'क्रमांक टाकलेले पान फाइलीतून काढणे हा गंभीर गैरप्रकार समजला जाईल.' तेही त्यांचंच. अठ्ठावीस वर्षं या माणसानं इतरांसाठी जे खड्डे खणले, त्या सगळ्यांत तो एका आठवड्यात स्वतः पडणार होता.

बुधवारी फाइल आस्थापना शाखेत सापडली. तिथं जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक गृहस्थ बसत. परिशिष्टरावांना बघताच त्यांनी पान तीन उघडलं.

"बरं झालं आलात. इथं एक त्रुटी आहे. 'पहाटे पाचला उठवणे, जबाबदारी: आई.' हे 'आई' पद आमच्या मंजूर पदांच्या यादीत दिसत नाही."

"ते... ते फार जुनं पद आहे."

"कायम की हंगामी?"

"कायम!"

"कामाचे तास?"

परिशिष्टरावांनी जरा विचार केला. सोळा वर्षांत त्यांनी हा हिशेब कधी केला नव्हता. "चोवीस," ते ओशाळून म्हणाले.

"मग हे श्रम कायद्यात बसत नाही. विधी शाखेचं मत घ्यावं लागेल." आणि चष्मेवाल्यांनी तसा शेरा लिहून फाइल बांधली.

"अहो, ते सतरावं पान तेवढं मला—"

"उद्या या."

"उद्या? माझ्या डोळ्यांसमोर आहे ते पान!"

"म्हणूनच म्हणतो, उद्या या. समोर दिसतंय म्हणून लगेच द्यायचं झालं तर शाखा कशाला हवी?"

हे वाक्य परिशिष्टरावांना ओळखीचं वाटलं. नव्या कारकुनांना ते शिकवताना वापरायचे.

घरी लेकीनं दारातच विचारलं, "बाबा, गुणपत्रिका?"

"प्रक्रियेत आहे."

"म्हणजे कुठं आहे?"

"म्हणजे... सुरक्षित आहे. अतिशय सुरक्षित. इतकी सुरक्षित की मलाही मिळत नाहीये!"

लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारभोवती पेनानं गोल काढला, आणि कागद फाटेपर्यंत तो गोल गिरवत राहिली. ती चिडली असती तर बरं, असं परिशिष्टरावांना वाटलं. ती घाबरली होती, आणि ते बघवत नव्हतं.

गुरुवारी विधी शाखेनं मत दिलं: उमेदवाराचं वय सोळा असल्यानं सदर व्यक्तीस नेमता येणार नाही, सबब योजना व्यक्तीऐवजी सर्व अधिकाऱ्यांना सरसकट लागू करण्यास हरकत नसावी! प्रशिक्षण शाखेनं ते मत डोक्यावर घेतलं आणि दुपारपर्यंत कार्यालयभर बातमी फुटली. सगळ्या अधिकाऱ्यांनी पहाटे पाचला उठायचं. रोज दोन वर्तमानपत्रं वाचून टिपणं काढायची. दर रविवारी सामान्यज्ञानाची परीक्षा. मोबाइल आईकडे जमा.

"माझी आई परगावी असते!" एक अधिकारी जिन्यात ओरडत होते. "मी मोबाइल पोस्टानं पाठवू का?"

"मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे," दुसरे म्हणाले, "आणि यात लिहिलंय की मैत्रिणींच्या वाढदिवसांना जाणं बंद! माझी बायको विचारते, कुठल्या मैत्रिणी?"

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय हे? सापडू दे नुसता!"

परिशिष्टराव कपाटाआड सरकले. पण तिथूनही संघटनेच्या लोकांनी त्यांना शोधून काढलं. "तुम्हीच हवे होतात! या जुलमी योजनेविरुद्ध निवेदन लिहायचंय. तुमच्याइतका कडक मसुदा कुणाला जमत नाही."

आणि अर्ध्या तासात परिशिष्टरावांनी स्वतःच्या योजनेविरुद्ध दोन पानांचं निवेदन लिहिलं. 'ज्याला माणसाच्या मनाची यत्किंचित कल्पना नाही अशा कुणीतरी ही योजना आखलेली दिसते,' हे वाक्य त्यांच्याच पेनातून उतरलं. ते वाचून टाळ्या पडल्या. परिशिष्ट जोडायला मात्र ते विसरले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच!

शुक्रवार उजाडला. फाइल सगळ्यात वरच्या मजल्यावर, मोठ्या मॅडमकडे पोचली होती. मोठ्या मॅडम म्हणजे अख्ख्या कार्यालयाच्या प्रमुख. पान पंधरावर लेकीचं जे पद लिहिलं होतं, त्या पदावर त्या आज बसत होत्या. परिशिष्टराव सकाळी दहापासून त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होते.

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत," मॅडमचे स्वीय सहायक म्हणाले.

"कधी संपेल?"

"संपली की."

बारा वाजले. दोन वाजले. चारला त्यांच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघतात तर लेक! हातात भरलेला अर्ज, सोबत आई.

"तुम्ही इथं कशाला आलात?"

"मूळ प्रत घ्यायला," लेक म्हणाली. "बाबा, खरं सांगा, आहे कुठं ती?"

परिशिष्टरावांनी खरं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मान खाली घालून. बायकोनं कपाळावर हात मारला. लेक उठली. स्वीय सहायक "अहो, अहो! मीटिंग!" म्हणेपर्यंत तिनं दार ढकललं आणि ती आत गेलीसुद्धा. पाठोपाठ आई, आणि आईपाठोपाठ परिशिष्टराव.

आत मीटिंग वगैरे काही नव्हती. फायलींच्या दोन ढिगांमध्ये मोठ्या मॅडम एकट्याच बसल्या होत्या आणि लाल चिठ्ठीवाली फाइल पहिल्या पानापासून वाचत होत्या. सात टेबलं फिरून आलेली ती फाइल कुणीतरी पहिल्यांदाच सलग वाचत होतं!

"मॅडम, यातलं सतरावं पान माझं आहे," लेक एका दमात म्हणाली. "पाच वाजता माझ्या प्रवेशाची मुदत संपते."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी चोरासारख्या उभ्या असलेल्या परिशिष्टरावांकडे. "म्हणजे निवृत्त होणार ती तू?"

"हो, मॅडम."

"आणि ही योजना तुमची?"

"माझी चूक झाली, मॅडम," परिशिष्टराव कसेबसे म्हणाले. "कव्हर... खासगी वापर... मला जी शिक्षा असेल ती..."

"त्याबद्दलचं परिपत्रक कुणी काढलंय?"

"मीच, मॅडम."

"मग शिक्षाही तुम्हीच सुचवा. नंतर. आधी मला एक सांगा." मॅडमनी सतरावं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "हे परिशिष्ट तुम्ही जोडलंत. वाचलंत का?"

"म्हणजे काय! एकूण शेकडा चौऱ्याऐंशी."

"एकूण नव्हे. वर वाचा."

परिशिष्टरावांनी वाचलं. इतिहास व राज्यशास्त्र: त्रेपन्न. विज्ञान: शहाण्णव. त्यांनी पुन्हा वाचलं. आकडे बदलले नाहीत. सोळा पानं त्यांनी इतिहास आणि राज्यशास्त्राच्या पायावर उभी केली होती, आणि पाया त्रेपन्न मार्कांचा निघाला! निकाल लागून बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत त्यांनी त्या कागदाची घडी घातली होती, त्याला इस्त्री केली होती, तो पिशवीत घातला होता, टाचणी न लावता अलगद जोडला होता. वाचला मात्र नव्हता.

"पण मॅडम," ते चाचरत म्हणाले, "या पदापर्यंत यायचं तर राज्यशास्त्र..."

"मी गुरांची डॉक्टर होते," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"सहा वर्षं. मग परीक्षा दिली. कुठल्याही शाखेची पदवी चालते हो, तुम्हाला नियम ठाऊक नाहीत? आणि खरं सांगू, गोठ्यातल्या अनुभवाचा इथं जास्त उपयोग झाला." त्या लेकीकडे वळल्या. "तुला काय व्हायचंय?"

परिशिष्टरावांच्या ध्यानात आलं की आपल्यालाही हे उत्तर ठाऊक नाही, आणि त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

"अजून माहीत नाही," लेक म्हणाली. "विज्ञान आवडतं. जीवशास्त्र तर फारच. पुढं कदाचित ती परीक्षाही देईन. पण मला आधी पाहायचंय, मॅडम. सोळाव्या पानावरून सुरुवात नाही करायची मला."

मॅडम हसल्या. त्यांनी गुणपत्रिका सोडवून लेकीच्या हातात दिली, तिच्या जागी झेरॉक्स लावायला सांगितली आणि फाइलीवर शेरा लिहिला: 'योजना रद्द. ज्या उमेदवारासाठी योजना आखली तिचे मत फाइलीत कुठेच नाही. श्री. हेडक्लार्क यांनी उमेदवाराशी चर्चा करावी व चर्चेचा अहवाल सोमवारी सादर करावा. अहवालावर उमेदवाराची सही आवश्यक.'

मग तिघं धावत सुटली. रिक्षा मिळेना, मिळाली तर ती सिग्नलला अडकली, शेवटचा रस्ता परिशिष्टराव चपला हातात घेऊन पळाले. पाचला चार मिनिटं कमी असताना लेकीनं खिडकीत अर्ज सरकवला. शाखेची रिकामी ठेवलेली चौकट तिनं तिथंच उभ्या उभ्या स्वतः भरली: विज्ञान. खिडकीतल्या बाईंनी मूळ प्रत उलटसुलट करून पाहिली आणि शिक्का मारला. त्या आवाजासरशी परिशिष्टराव फुटपाथवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या चपला उचलल्या.

रविवारी सकाळी परिशिष्टरावांनी आदेशानुसार चर्चा केली. लेकीला समोर बसवलं, घसा खाकरला आणि बोलायला लागले. विज्ञान शाखेत किती संधी आहेत, जीवशास्त्रातून किती वाटा फुटतात, त्यातल्या कुठल्या वाटेनं गेलं तर पुन्हा प्रशासकीय सेवेत शिरता येतं, गुरांच्या डॉक्टरांना तिथं किती मान आहे, सगळं सविस्तर सांगितलं. मग समाधानानं आत जाऊन त्यांनी चार पानी अहवाल लिहिला. 'उमेदवाराशी सविस्तर व खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली,' असं शेवटी म्हटलं आणि तो सहीसाठी लेकीपुढं ठेवला.

लेकीनं तो पहिल्या पानापासून वाचला. पेन काढलं, समासात दोन ओळी लिहिल्या आणि अहवाल त्यांच्या हातात दिला.

"झाली का सही?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

परिशिष्टरावांनी समासातल्या ओळी वाचल्या. 'चर्चा पन्नास मिनिटे झाली. त्यांपैकी उमेदवार दीड मिनिट बोलली, तेही पाणी हवे का एवढेच. फेरचर्चा करावी.'

"नाही," ते म्हणाले. "परत आलाय." आणि खुर्ची ओढून ते लेकीसमोर पुन्हा बसले. या वेळी तोंड मिटून.